डावीकडे वळली की ओरडणारी फटफटी

धुळ्याला आमचं बिऱ्हाड होतं तेव्हाची ही गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा बँकेत कारकून. मी जळगावच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि आता दिवसभर दोन खोल्यांच्या घरात वरणाला फोडणी देत बसलेली. आम्ही एकमेकांशी फार बोलत नव्हतो. भांडण वगैरे काही नव्हतं. काय बोलायचं हेच दोघांना सुचत नव्हतं. तो संध्याकाळी यायचा, मी चहा द्यायची, तो ‘छान झालाय’ म्हणायचा, मी ‘अजून देऊ?’ विचारायची. एवढ्यावर आमचा संसार चालला होता.

मग त्याच्या बँकेतल्या एकाची बदली झाली आणि जाताना तो आपली जुनी मोटारसायकल आमच्या गळ्यात मारून गेला. काळी, जड, टाकीवर पोचे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, ही बातमी कळली तेव्हा त्यांनी एकच निरोप पाठवला: तुला हातपाय मोडून घ्यायचे असतील तर घे, पण सुनेला त्या फटफटीवर बसवायचं नाही. नाना रावेरकडचे, केळीचे शेतकरी. त्यांचा शब्द घरात कोणी मोडत नसे. आम्ही मात्र पहिल्याच रविवारी मोडला. मी मागे बसले, एका बाजूला पाय सोडून, आणि पांझरेच्या पुलावरून आम्ही देवपूरला जाऊन आलो. तेव्हाही बोलणं झालं नाही, पण वाऱ्यामुळे तसंही ऐकू आलं नसतं, त्यामुळे दोघांना बरं वाटलं.

काही आठवडे गाडी गुणी मुलासारखी वागली. मग एके दिवशी तो बँकेतून येताना गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळला आणि हॉर्न वाजला. त्याने बटणाला हातही लावला नव्हता. हँडल सरळ केलं, हॉर्न बंद. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. उजवीकडे वळताना गाडी मुकाट, डावीकडे वळली की बोंब.

त्याने गाडी मिस्त्रीकडे टाकली. मिस्त्रीने हॉर्न काढला, पुसला, परत बसवला. गाडी परत आली ती ओरडतच आली, फक्त आता हॉर्न स्वच्छ असल्यामुळे आवाज अधिक खणखणीत झाला होता.

माझा नवरा स्वभावाने भिडस्त. भर रस्त्यात विनाकारण हॉर्न वाजवणारा माणूस म्हणून आपल्याकडे कोणी बघावं हे त्याला सहन होईना. त्याने तोड काढली. धुळ्याच्या जुन्या गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या, आणि त्यांना नंबर दिलेले. तेव्हा डावीकडे जायचं असेल तर तो सरळ पुढच्या गल्लीपर्यंत जायचा आणि तीनदा उजवीकडे वळायचा. डावीकडे न वळता डावीकडे जायची ही युक्ती त्याने मला फार नंतर सांगितली. तेव्हा मला एवढंच कळत होतं की त्याला घरी यायला उशीर होतोय.

एक दिवस आमच्या घरमालकीण अक्का वरच्या मजल्यावरून खाली आल्या आणि माझ्याजवळ ओट्यावर बसल्या. अक्का म्हणजे विधवा, एकट्या, नऊवारी नेसणाऱ्या, आणि गल्लीतलं सगळं ठाऊक असलेल्या. त्यांनी आवाज खाली आणला.

“पोरी, एक सांगू का? तुना नवरा रोज सांजले तिकडली गल्लीमा फेरा मारस. तठे एक मास्तरीण ऱ्हास.”

तिथे कोणी मास्तरीण राहते म्हणे! माझ्या हातातलं पाखडायचं सूप हातातच राहिलं. त्या रात्री मी चहासारखंच जेवण वाढलं, म्हणजे काही न बोलता, पण वाटी जरा जोरात ठेवली. त्याला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, “छान झालंय.”

शनिवारी त्याने मला सिनेमाला नेलं. येताना मी मागे ताठ बसले होते, त्याच्या खांद्याला हात न लावता. आग्रा रोडवरून आमच्या गल्लीकडे यायचं तर डावीकडे वळायचं. तो वळेना. सरळ पुढे निघाला. मी म्हटलं, “अहो, आपली गल्ली गेली.”

“हो. पुढून घेतो.”

“पुढे कशाला? मास्तरणीच्या घरावरून जायचंय का?”

त्याने गाडी थांबवली. मान वळवून माझ्याकडे बघितलं. “कोण मास्तरीण?”

मी सांगितलं. तो बिचारा एवढा लाल झाला की मला दिव्याच्या उजेडात दिसलं. मग त्याने पाय टेकत टेकत गाडी तशीच मागे घेतली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी हँडल डावीकडे घेतलं. जो काही भोंगा सुरू झाला! आणि या खेपेला तो थांबेचना. इंजिन मात्र गचकन बंद पडलं, आणि टाकीमागून रबर जळल्याचा वास आला. गाडी मुकी, हॉर्न चालू, आणि आम्ही दोघं चौकाच्या मध्यभागी. कापडाच्या दुकानातले शेठ गादीवरून उठून बाहेर आले. माड्यांवरून माणसं डोकावली. नवरा हॉर्नवर हात ठेवून उभा, जसा एखाद्या पोराच्या तोंडावर ठेवावा.

मला हसू फुटलं. आधी पदरात, मग उघड, मग इतकं की मला गाडीला धरून उभं राहावं लागलं. त्याने आधी रागाने बघितलं. मग त्यालाही राहवलं नाही. आम्ही दोघं भर चौकात, ओरडणाऱ्या गाडीच्या दोन बाजूंना, पोट धरून हसत होतो. लग्न झाल्यापासून एकत्र हसायची ती पहिलीच वेळ.

हसता हसता माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी म्हटलं, “अहो, हँडल उजवीकडे करा.”

त्याने केलं. भोंगा बंद.

“आता डावीकडे.”

भोंगा चालू.

“आत हँडलपाशी तार सोललीय,” मी म्हणाले. “हँडल वळलं की ती ताणली जाते आणि लोखंडाला टेकते. हॉर्नचं काहीच बिघडलेलं नाही. आणि शेजारची दुसरी तारही सोललेली असणार, म्हणून इंजिन बंद पडलं.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुला कसं कळलं?”

“माझं फिजिक्स होतं.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही बघायला आलात तेव्हा तुमच्या आत्यांनी गाता येतं का एवढंच विचारलं.”

हँडल उजवीकडे धरून आम्ही गाडी ढकलत घरी आणली. घरी पोचेपर्यंत आम्ही जेवढं बोललो तेवढं त्याआधीच्या सगळ्या महिन्यांत बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी चहा झाल्या झाल्या मी अंगणात रांगोळीची वाटी घेऊन बसले आणि गाडीच्या तारांचा नकाशा काढला. इथे बॅटरी, तिथे किल्ली, मग कॉइल, हॉर्न, हॉर्नचं बटण. नवरा समोर उकिडवा बसून प्रश्न विचारत होता. हॉर्नच्या एका तारेत वीज कायम असते. दुसरी तार बटणाला जाते आणि बटण दाबलं की ती गाडीच्या लोखंडाला टेकते, तेव्हा हॉर्न वाजतो. म्हणजे ती तार वाटेत कुठेही लोखंडाला टेकली तरी हॉर्नला वाटणार, बटणच दाबलंय. हे मी त्याला समजावून सांगत होते आणि मला इतका आनंद होत होता की माझा आवाज चढत होता.

अक्का पूजेची परडी घेऊन खाली आल्या. नकाशाभोवती एक फेरी मारली.

“हाई कसी रांगोळी शे वं?”

“अक्का, ही गाडीची आहे.”

“गाडीनी? बरं बरं.” आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी बॅटरीच्या चौकोनावर हळदकुंकू वाहिलं, कॉइलवर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

मग आम्ही कामाला लागलो. नवऱ्याने मागचा दिवा काढून त्यातला छोटा बल्ब मला दिला. त्याला मी दोन तारा जोडल्या. हॉर्नपाशी बटणाची तार सोडवली, बल्बची एक तार तिला लावली, दुसरी बॅटरीच्या विजेच्या टोकाला. हँडल सरळ, बल्ब विझलेला. हँडल डावीकडे, बल्ब पेटला. दिवसाढवळ्या, अंगणात, तो एवढासा पिवळा उजेड बघून मी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने पुन्हा हँडल वळवलं. पुन्हा पेटला. आम्ही दोघं लहान मुलांसारखे आळीपाळीने हँडल वळवत बसलो.

दुखणं कुठे आहे ते कळलं. आता ते दिसायला हवं होतं. हँडलच्या मानेपाशी, टाकीच्या पुढच्या टोकाखाली, एक पत्र्याचं झाकण होतं आणि सगळ्या तारा त्याच्या आतून जात होत्या. झाकणाला दोन स्क्रू. बॅटरीची तार सोडवून, पेट्रोलची टाकी उतरवून आम्ही ती दूर तुळशीपलीकडे ठेवली आणि स्क्रूंना हात घातला. पहिला स्क्रू लोण्यातून सुरी फिरावी तसा निघाला. दुसरा हलेना.

त्या दुसऱ्या स्क्रूने आमची सकाळ खाल्ली. गंजून तो झाकणाशी एकजीव झाला होता. नवऱ्याने जोर लावला, स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच अर्धी झिजून गेली. मी म्हटलं, आता जोर लावू नका, उरलेलीही जाईल. स्टोव्हमधलं घासलेट कापसाच्या बोळ्याने त्याच्यावर सोडलं आणि मुरू दिलं. तोवर कापडवाले शेठ आले. काल रात्रीपासून त्यांना चैन नव्हतं. ते राजस्थानचे, पण तीन पिढ्या धुळ्यात. त्यांनी सांगितलं, घासलेटात लिंबू पिळा. पिळलं. अक्कांनी वरून सांगितलं, तापवा त्याला. आणि नुसतं सांगून थांबल्या नाहीत, पेटती शेगडी घेऊन जिना उतरू लागल्या. नवरा टाकीकडे धावला, मी अक्कांकडे धावले, आणि शेठ रस्त्याकडे धावले.

शेगडी वर परत पाठवून आम्ही एक जाड खिळा स्टोव्हवर लाल केला, सांडशीत धरला आणि स्क्रूच्या डोक्याला टेकवला. चर्र झालं, धूर निघाला, आशा वाटली. स्क्रू हलला नाही. मग मी करवतीचं मोडकं पातं फडक्यात गुंडाळून त्या झिजलेल्या डोक्यावर नवी खाच पाडायला बसले. पाय पसरून, जमिनीवर, गाडीला डोकं लावून, कोपरापर्यंत काळी. नवरा हँडल घट्ट धरून उभा. घस घस घस घस.

“हे काय चाललंय?”

मी मान वळवली. फाटकात नाना उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हातात केळीची फणी. धुळ्यात एका नातेवाइकाच्या घरी आजारी माणसाला बघायला म्हणून ते पहाटेच्या गाडीने आले होते आणि परत जायच्या आधी वाटेत आमच्याकडे वळले होते. न कळवता. त्यांना न कळवताच यायची सवय होती.

मी उठायला गेले, पदर डोक्यावर घेतला, आणि डोक्याला काळा पट्टा उमटला. वाकून नमस्कार केला तर त्यांच्या धोतराला माझी बोटं लागू नयेत म्हणून हात मागे घेतले.

नानांनी गाडीकडे बघितलं, रांगोळीकडे बघितलं, झेंडूच्या फुलाकडे बघितलं.

“सूनबाई काय करून राह्यली?”

“स्क्रू अडकलाय, नाना,” नवरा कसाबसा म्हणाला. “ती काढतेय.”

“आन् तू?”

“मी... हँडल धरलंय.”

मला वाटलं, आता सगळं संपलं. मी माहेरी जळगावला आणि मोटारसायकल भंगारात. नानांनी केळीची फणी ओट्यावर ठेवली, पिशवी खुंटीला लावली, टोपी काढली आणि त्या स्क्रूजवळ जाऊन डोळे बारीक करून बसले.

“माह्या पाण्याच्या इंजिनाचाबी एक असाच व्हता,” ते म्हणाले. “दोन दिवस घेतले त्यानं. हा पेचकस कोणाचा? हा नाही चालायचा. जाड आण.”

शेठ कुठूनतरी जाड दांडीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. नानांनी सांगितलं, आधी सोडवायला जायचं नाही, आधी आणखी आवळायचा, म्हणजे गंज फुटतो. नवऱ्याने आवळला. काही झालं नाही. नाना म्हणाले, “हं. माह्याबी तेव्हा काही झालं नव्हतं.” मग शेवटी काय केलं होतं, असं विचारलं तर म्हणाले, “शेवटी मी इंजिनच इकलं.”

मी फसकन हसले. सासऱ्यांसमोर. आणि मग घाबरून नवऱ्याकडे बघितलं तर तोही ओठ चावत होता. नाना स्वतःही हसत होते, पण फक्त मिशीच्या एका बाजूने.

धीर करून मी म्हटलं, “नाना, मला वाटतं ठोकत ठोकत फिरवला पाहिजे. एकाने स्क्रू ड्रायव्हर नव्या खाचेत दाबून धरायचा, एकाने त्याच्यावर हातोडी मारायची, आणि एकाने त्याच वेळी दांडीला पान्हा लावून फिरवायचं. तिघं लागतील.”

“तिघं हायेत ना,” नाना म्हणाले आणि हातोडी उचलली.

नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर धरला. मी दांडीला पान्हा लावला. नानांनी मारायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्याला माझा पदर घसरायचा, मी तो एका हाताने वर घ्यायची, तेवढ्यात पान्हा सुटायचा. असं दोन-तीनदा झालं तेव्हा नानांनी हातोडी थांबवली.

“पदर राहू दे व माय. पान्हा धर.”

मी पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी पान्हा धरला. आजवर सासरी मला मिळालेल्या परवानग्यांत ती सगळ्यात मोठी होती, आणि तिने मी एवढी हुरळले की पुढच्या ठोक्याला मी जरा लवकरच पान्हा ओढला. स्क्रू ड्रायव्हर कलला. हातोडी नवऱ्याच्या डाव्या अंगठ्यावर बसली.

त्याने जी आरोळी ठोकली ती हॉर्नलाही जमली नसती. पण त्याच क्षणी कट्ट असा आवाज झाला आणि पान्हा माझ्या हातात फिरला. “फिरला! फिरला!” मी ओरडले. “अंगठा! अंगठा!” नवरा ओरडला. “सोडू नको रे, धरून ठेव!” नाना ओरडले. आणि त्याने, त्या बिचाऱ्याने, डोळ्यांतून पाणी काढत तसाच धरून ठेवला. मी फिरवत गेले. गंजाचा तांबडा भुगा पडत गेला. शेवटी स्क्रू टपकन जमिनीवर पडला. एवढासा! नखाएवढा! शेठनी तो उचलून तळहातावर घेतला आणि गल्लीतल्या लोकांना दाखवत फिरले.

झाकण निघालं. आत, हँडलच्या मानेपाशी, दोन तारांची रबरं घासून घासून गेली होती आणि आतलं तांबं लखलखत होतं. मी सांगितलं होतं अगदी तिथे. नवऱ्याने अंगठा तोंडात घातलेला असतानाही माझ्या पाठीवर थाप मारली, मग नाना आहेत हे आठवून हात झटकन मागे घेतला. दोन्ही तारांना मी वेगवेगळी काळी चिकटपट्टी गुंडाळली, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला, आणि हँडल कसंही वळलं तरी ताण बसू नये म्हणून त्यांना जरा ढील देऊन बांधलं. झाकणाला नवा स्क्रू लावताना ग्रीस चोपडलं. टाकी चढवली, बॅटरी जोडली. नानांनी स्वतः हँडल डावीकडे केलं. शांतता. बटण दाबलं. भोंगा. बटण सोडलं. शांतता. ते असं किती वेळ करत बसले असते कोणास ठाऊक, पण त्यांना बसची आठवण झाली.

तोवर अक्कांनी नवऱ्याच्या अंगठ्यावर हळदीचा लेप लावून त्यावर धोतराची एवढी चिंधी गुंडाळली होती की तो अंगठा कवठासारखा दिसत होता.

“मी टांगा बघतो,” नवरा म्हणाला.

“टांगा काहून? फटफटी चालू झाली ना?”

“मला हँडल धरता येणार नाही, नाना.” आणि मग, मला वाटतं दुखण्याच्या भरात, त्याच्या तोंडून निघून गेलं, “तशी तिला येते चालवता.”

खरं होतं ते. देवपूरच्या मोकळ्या मैदानात त्याने मला दोन-तीन रविवार शिकवलं होतं, कोणी बघू नये म्हणून भल्या सकाळी, आणि तेव्हाही ‘क्लच धर’, ‘सोड’ यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. पण हे जगाला सांगायचं नव्हतं.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मग त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, टोपी खोल बसवली, वरून उपरण्याने कानांसकट बांधली, आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

“चाल.”

“माय वं!” अक्का जिन्यावरून ओरडल्या. “सासरा वऊना मांगे बठना! आते काय देखानं राह्यनं!”

वऊ म्हणजे सून, म्हणजे मी. मी साडी दोन्ही पायांत घट्ट खोचली. नवऱ्याने किक मारून दिली. पहिल्या गिअरमध्ये गाडीने असा एक हिसका दिला की नानांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मग स्टँड येईपर्यंत सोडले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी कानाशी सांगितलं, “डावीकडे घे.” स्टँड उजवीकडे होता. मी डावीकडे घेतलं. काही वाजलं नाही. “अजून एकदा.” पुढच्या गल्लीला पुन्हा डावीकडे. काही वाजलं नाही. नाना मागे खुशीत ‘हूं’ म्हणाले. “घे अजून.” आम्ही त्या चौकोनाला डाव्या हाताने फेऱ्या घालत राहिलो. कापडवाल्या शेठनी आम्हाला दुकानासमोरून जाताना इतक्यांदा पाहिलं की शेवटी ते उभे राहून हात हलवायला लागले. मला घाम फुटला होता आणि मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा नानांची बस निघून गेली होती. त्यांना काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. पुढच्या बसला वेळ होता म्हणून त्यांनी मला रसाच्या गाड्यावर नेलं. सासऱ्यांबरोबर बाकावर बसून उसाचा रस! मी चोरून इकडेतिकडे बघत प्यायले.

“मले एक सांग,” ते म्हणाले. “वीज तर दिसत नाही. मग ती कुठी चालली ते तुले कसं समजलं?”

मी तारेची, लोखंडाची, बॅटरीची गोष्ट पुन्हा सांगू लागले. त्यांनी मधेच हात वर केला. “म्हंजे पाट फुटला व्हता. पाणी आपल्या केळीत जायच्या आधीच शेजाऱ्याच्या वावरात चाललं व्हतं.”

“बरोबर तेच, नाना.”

“मंग हे आधी सांगायचं ना,” असं म्हणून त्यांनी आणखी एक ग्लास मागवला.

बस आली. नाना खिडकीपाशी बसले. मी निरोप घेऊन गाडीकडे गेले, किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. नाही. बसमधली माणसं बघायला लागली. कंडक्टरने घंटी द्यायला हात वर केला तेव्हा नानांचा आवाज आला, “थांब रे भाऊ, माही सून निघू दे.” आणि बस खरंच थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद करून कोपर खिडकीवर टेकवलं. मी मनातल्या मनात सकाळची सगळी रांगोळी पुन्हा काढली. बॅटरी आहे. किल्ली चालू आहे. हॉर्न वाजतोय. मग खाली बघितलं, आणि पेट्रोलचा कॉक बंद होता. नवऱ्याने शिकवलं होतं तसा मीच थांबताना बंद केला होता. उघडला, थोडं थांबले, किक मारली आणि गाडी सुरू झाली. बसमधून टाळ्या पडल्या. मी पुढे निघाले आणि माझ्यामागून एस. टी.

नवरा गल्लीच्या कोपऱ्यावर उभा होता, अंगठा आभाळाकडे धरून. चेहरा पांढरा. इतका वेळ का लागला ते मी सांगितलं तेव्हा त्याने दोनदा विचारलं, “नानांनी? रस पाजला? तुला?”

“आणि जाताना म्हणाले, त्याला सांग, पुढच्या महिन्यात घरी या, येताना तो बल्ब आणा. विहिरीवरच्या मोटारीचं काहीतरी बिनसलंय म्हणे.”

“आणि फटफटीचं काय म्हणाले?”

“बसने येऊ नका म्हणाले. बस फार हलते.”

तो इतका हसला की त्याला ओट्यावर बसावं लागलं. मग नानांनी आणलेली केळी आम्ही तिथेच बसून खाल्ली. त्याला एका हाताने सोलता येईना म्हणून मी सोलून दिली, गल्लीदेखत. ऊन उतरलं तेव्हा तो म्हणाला, “चल, कुठेतरी जाऊन येऊ.” मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, “चालवणारी तू.”

मी गाडी आग्रा रोडला घातली. तो मागे बसला, बांधलेला हात माझ्या खांद्यावरून पुढे काढून, आणि समोरून येणारे ट्रकवाले आमच्याकडे बघून हॉर्न देत होते. आम्ही सोनगीरपर्यंत गेलो. किल्ल्याच्या पायथ्याला टपरीवर चहा घेतला. तो सबंध वेळ बोलत होता: बँकेतल्या गमती, लहानपणी केळीच्या बागेत हरवला होता ते, मला बघायला आला तेव्हा माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता ते. चहा थंड झाला तरी त्याचं बोलणं संपेना, आणि मी दुसरा चहा मागवला.